छातीतली धूळ

डॉक्टरांनी विचारलं तेव्हा उत्तर द्यायला शिवांगीनं क्षणभरही वेळ घेतला नाही, आणि पुढे कित्येक दिवस तिला त्याचंच नवल वाटत राहिलं. प्रश्न तिला नव्हताच. तिच्या आईला होता. आईची छाती पुढून-मागून तपासून डॉक्टर खुर्चीत बसले होते, आणि कागदावर पेन टेकवून त्यांनी केवळाबाईकडे बघत सहज विचारलं होतं, "मावशी, गावाकडं संडासला कुठं जाता? रानात? पायात चप्पल असते का?" केवळाबाईनं तोंड उघडलंही होतं. आपण कुठं जातो हे सांगण्यात तिला काही अडचण नव्हती. पावसापाण्याचं सांगावं तसं तिनं ते सांगितलं असतं. पण तिच्या आधी शिवांगी म्हणाली, "नाही हो डॉक्टर, घरातच आहे आमच्याकडे सगळं. पहिल्यापासून." केवळाबाईनं तोंड मिटलं, लेकीकडं एकदा पाहिलं आणि पदर सारखा केला. डॉक्टरांनी मान डोलावली. "मग हरकत नाही. जरा जोरदार गोळ्या देतोय, म्हणून विचारलं. जुना दमा आहे, महिनाभर तरी घ्याव्या लागतील." कागद पुढे करताना ते हसले. "मॅडम, आमची मुग्धा म्हणते, तुमच्यामुळं तिची झूलॉजीची भीती गेली." शिवांगीही हसली. आपण कसं हसतोय हे तिला समोरच्या काचेच्या कपाटात दिसत होतं.

जिना उतरताना आई प्रत्येक वळणावर थांबत होती. तिच्या छातीतून बारीक शीळ येत होती. शिवांगी कठड्याला धरून उभी राही, पण तिच्या डोक्यात एकच शब्द अडकला होता. पहिल्यापासून. तो शब्द कशाला घातला? नुसतं 'हो, घरात आहे' म्हटलं असतं तरी भागलं असतं. ते खोटं झालं असतं, पण अर्धं; गावाकडच्या नव्या वसाहतीतल्या घरामागे सरकारनं बांधलेला संडास होता खरा. त्यात आई गोवऱ्या ठेवायची. पण 'पहिल्यापासून' म्हणजे तिनं सगळं पुसून टाकलं होतं. ओढ्याकडची वाट, पहाटे निघणाऱ्या बायका, हातातले डबे, गाडीच्या दिव्यांचा उजेड आला की भरकन उभं राहणं. आणि पुसलं कुणासाठी? मुग्धा नावाच्या एका मुलीच्या बापासाठी, ज्यानं घरी जाऊन कदाचित काहीच सांगितलं नसतं. रस्त्यावर आल्यावर आई एका टपरीच्या बाकावर बसली. समोर क्लासेसची होर्डिंगं एकाला एक लागून उभी होती. कपाळावर टिळा लावलेली पोरं, दोन वेण्या घातलेल्या पोरी, प्रत्येकाखाली टक्के. सायकली, रिक्षा, मेसचे डबे. सगळं लातूर डॉक्टर व्हायला निघालं होतं. "काय बघून राहिलीस?" आईनं विचारलं. "काही नाही." "त्यो डाक्टर चांगला हाय," आई म्हणाली. थोडा श्वास गोळा करून पुढे म्हणाली, "इचारतो तरी." शिवांगीनं रिक्षाला हात केला.

अशाच एका होर्डिंगवर कधीकाळी शिवांगी होती. भूकंप झाला तेव्हा ती अकरावीला, लातुरात खोली करून राहिलेली. गणपती बोळवून सगळी झोपली होती, खाट हलली, पोरी किंचाळत रस्त्यावर आल्या. दुपारी ती निलंग्याकडच्या आपल्या गावी पोचली तेव्हा तिथं गाव नव्हतं. माळवदाची घरं, दगड आणि पांढऱ्या मातीचे ते जाड थर, सगळं एकाच ढिगात बसलं होतं आणि त्यावर धूळ उभी होती. आप्पा, म्हणजे तिचे वडील ईश्वरप्पा, आधीच काढून लिंबाखाली ठेवले होते. आई जिवंत निघाली. तिच्या केसांत, पापण्यांत, कानात माती होती आणि ती खोकत होती. तो खोकला नंतर गेलाच नाही. पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेल्यावर त्याचा दमा झाला. पावसाळ्यात वाढायचा, कधी महिनाभर गायब व्हायचा, पुन्हा यायचा. अंगावर पित्ताच्या गांध्या उठत, पोट दुखे, पण ते कोण सांगत बसतं? छातीचं मात्र सगळ्यांना सांगता येत होतं. "किल्लारीच्या वक्ताची धूळ बसलीया छातीत," आई म्हणायची, आणि ऐकणारा गप्प व्हायचा. त्या दुखण्याला मान होता. क्लासच्या संचालकांनी शिवांगीची फी माफ केली, बारावीनंतर तिचा फोटो चौकात लावला, खाली लिहिलं, भूकंपावर मात. सत्काराच्या सभेत तिला बोलायला उभं केलं तेव्हा तिनं आईच्या छातीतल्या धुळीचं सांगितलं होतं. पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळे पुसले. आता ती त्याच शहरात शिकवायची. नवरा व्यंकट नांदेडला पाटबंधारे खात्यात होता, सुट्टीला यायचा. सोबतीला म्हणून तिनं आईला आणलं होतं. लेकीच्या घरी राहायला केवळाबाई तयार नव्हती. दमानं फार गांजलं तेव्हाच आली.

गोळ्यांनी चमत्कार केला. आठवड्याभरात आईची शीळ थांबली. ती भाकरी थापू लागली, जिना चढू लागली, तिचं तोंड गोल भरलं. शेजारीण म्हणाली, लेकीचं अन्न मानवलं. शिवांगीला हलकं वाटलं. त्या दिवशीचं ते वाक्य आता कुणाच्या काही कामाचं उरलं नव्हतं. ते बोललं गेलं आणि वाहून गेलं. मग एका दुपारी ती वर्गात जंतांचा पाठ घेत होती. दरवर्षीचाच पाठ. फळ्यावर तिनं माणूस काढला, त्याचं आतडं काढलं, फुप्फुसं काढली. काही जंत अंड्यांतून तोंडावाटे येतात, काहींच्या अळ्या ओल्या मातीतून थेट तळपायात शिरतात, हे सांगत तिनं तळपाय काढला आणि तिथून वर बाण ओढत नेला. रक्तातून हृदयात, हृदयातून फुप्फुसात. "तिथं त्या असताना खोकला येतो, घरघर होते," ती सांगत होती, "दम्यासारखी. मग खोकल्याबरोबर घशात येतात, गिळल्या जातात, आणि—" बाण छातीशी थांबला. वर्ग खाली माना घालून लिहीत होता. तिच्या लक्षात आलं, की डॉक्टरांनी ते कशासाठी विचारलं होतं हे तिला माहीत आहे. आत्ताच कळलं असंही नाही. तिथं त्या खोलीतही कुठंतरी माहीत होतं, फक्त तिनं तिकडं बघितलं नव्हतं. तिनं बाण आतड्यापर्यंत पुरा केला, फळा पुसला.

तास संपल्यावर ती फोनपाशी गेली. दवाखान्याचा नंबर तिला पाठ होता. काय म्हणायचं? डॉक्टर, त्या दिवशी माझं चुकलं, आई रानातच जाते, अनवाणीच जाते. एवढंच तर होतं. पण ते म्हणजे, मी तुमच्यासमोर खोटं बोलले, आणि खोटं बोलले कारण तुमची मुलगी मला मॅडम म्हणते. मग ते समजूतदारपणे म्हणाले असते, अहो त्यात काय. तो समजूतदारपणा तिला सहन झाला नसता. शिवाय आई बरी आहे. बरी असलेल्या माणसाचं काय उकरायचं? कुठंतरी तिनं वाचलंही होतं, की पोटात जंत असलेल्या गावांत दमा उलट कमी आढळतो, अंगाची चिडचिड जंत निववतात म्हणे. हा आधार तिनं घट्ट धरला. रिसीव्हर उचलला नव्हताच, त्यामुळे ठेवायचीही वेळ आली नाही. घरी गेल्यावर आईनं विचारलं, "तोंड का गं उतरलं?" ती म्हणाली, "शिकवून शिकवून घसा बसला."

पुढच्या आठवड्यात आईचं पोट धरलं. आधी मळमळ, मग उलट्या. तिनं दोन दिवस लपवलं, लेकीच्या घरी आजारी पडायचं म्हणून. मग ताप चढला आणि दमा परत आला, पण हा नेहमीचा दमा नव्हता. आई भिंतीला टेकून बसली होती, ओठ काळेनिळे, प्रत्येक श्वास खालून उपसून काढल्यासारखा. लातूरचे डॉक्टर गावाला गेले होते. व्यंकट सुट्टीवर आलेलाच होता, त्यानं जीप आणली आणि म्हणाला, "नांदेडला नेऊ, तिथं माझ्या ओळखीचं आहे." अहमदपूर गेलं, लोहा गेलं. आईचं डोकं शिवांगीच्या मांडीवर होतं आणि तिचे पाय सीटच्या पलीकडे उघडे पडले होते. शिवांगी त्या पायांकडे बघत होती. टाचांना भेगा, बोटांच्या बेचक्यांत काळसर जुने डाग. शेडमध्ये पहिल्या पावसाळ्यात सगळीकडं राड होती. घोट्याएवढ्या चिखलातून बायका शेडामागच्या पडीक रानात जायच्या आणि चपला राडीत रुततात म्हणून काखेत धरायच्या. सुट्टीत गेली की शिवांगीही आईच्या मागोमाग तशीच जायची. पाय खाजायचे. आई रॉकेल लावायची. हे सगळं तिला अगदी स्वच्छ आठवत होतं. आठवत नव्हतं म्हणून ती तसं बोलली, असं तिला कुणालाही सांगता येणार नव्हतं.

नांदेडच्या दवाखान्यात सौदामिनी नावाची तरुण डॉक्टर होती. तिनं आईला ऑक्सिजन लावला, रक्त घेतलं, गोळ्यांची पाकिटं उलटीपालटी करून पाहिली आणि शिवांगीला व्हरांड्यात बोलावलं. "या गोळ्या कधीपासून?" शिवांगीनं सांगितलं. "देण्याआधी शौचाची तपासणी झाली होती?" "नाही." "विचारलं तरी होतं का, की कुठं जातात, अनवाणी असतात का?" व्हरांड्यात व्यंकट होता. कुणा पेशंटचे नातेवाईक डबा खात बसले होते. शिवांगी म्हणाली, "विचारलं होतं. मी खोटं सांगितलं." डॉक्टरनं मान वर केली. "म्हणजे?" "आई रानात जाते. भूकंपानंतर शेडमध्ये होतो, तेव्हापासून अनवाणीच. मी म्हटलं, घरात आहे. पहिल्यापासून आहे म्हटलं." व्यंकट तिच्याकडं बघत राहिला. सौदामिनी रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं नर्सला हाक मारून बेडका तपासायला पाठवला आणि जाता जाता शिवांगीला म्हणाली, "आधी सांगितलंत ते चांगलं केलंत." शिवांगीला वाटलं, आपली ऐकण्यात चूक झाली. मग कळलं, तपासणीच्या आधी, असं तिला म्हणायचं होतं.

थोड्या वेळानं सौदामिनीनंच तिला प्रयोगशाळेत बोलावलं. "तुमचे मिस्टर म्हणाले, तुम्ही झूलॉजी शिकवता. बघा." शिवांगीनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. आधी नुसता धूसर उजेड, मग त्यात काहीतरी वळवळलं. एक अळी होती, पारदर्शक, स्वतःला आकड्यासारखी वाकवत, सोडत, पुन्हा वाकवत. तिच्या शेजारी आणखी एक. इतकी वर्षं तिनं ती फळ्यावर काढली होती, रंगीत खडूनं, आणि जिवंत कधीच पाहिली नव्हती. ती आईच्या छातीतून आली होती. "ही जात वेगळी," सौदामिनी मागून सांगत होती. "ही आतल्या आतच पुन्हा वाढते. एकदा शिरली की वर्षानुवर्षं राहते. अंग तिला दाबून ठेवतं, म्हणून माणूस नुसता खोकत, धापत राहतो, लोक दमा म्हणतात. दम्याच्या जोरदार गोळ्यांनी अंगाची राखणच झोपते. आठवडाभर बरं वाटतं, आणि मग ह्या मोकाट सुटतात." "जंतांनी दमा कमी होतो असंही वाचलं होतं मी," शिवांगी म्हणाली. आपण हे का बोलतोय, तिला कळेना. "काही जंतांबद्दल तसं म्हणतात, काहींबद्दल उलटं," डॉक्टर म्हणाली. "अजून सगळं ठरलेलं नाही. पण त्यासाठी आधी बघावं लागतं, आत काय आहे." शिवांगी डोळा काढायला तयार नव्हती. डोळा काढला असता तर तोंड दाखवावं लागलं असतं.

आई वाचली. ते सोपं नव्हतं; मधे दोन दिवस असे गेले की व्यंकटनं गावाकडं निरोप पाठवायचं काढलं. मग ताप उतरला, औषध लागू पडलं, आणि एका सकाळी शिवांगी आत गेली तेव्हा आई उशीला टेकून चहा पीत होती. श्वासाचा आवाजच येत नव्हता. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच शिवांगीला आईचा श्वास ऐकू आला नाही. सौदामिनी पलंगाशी उभी राहून समजावत होती, "मावशी, ती धूळ नव्हती बरं का. जंत होते. बारीक, डोळ्यांना न दिसणारे. आता गेले." केवळाबाईनं ऐकून घेतलं आणि भिंतीकडं तोंड केलं. डॉक्टर गेल्यावरही ती तशीच होती. शिवांगीला वाटलं, आता माय विचारणार, तू खोटं का बोललीस. तिनं उत्तरं जुळवायला सुरुवात केली होती. पण आई वेगळंच बोलली. "तुझ्या आप्पाला काढलं तवा त्येंच्या नाकातोंडात तीच धूळ हुती. मी पदरानं पुसली. मला वाटायचं, त्येंच्यातली थोडी मपल्या छातीत हाय. दम लागला का म्हणायचे, हायेत अजून." ती थांबली. कप खाली ठेवला. "आता ही बाई म्हणती, जंत हुते." शिवांगीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. पाठ आक्रसली. "लोकायला धूळच सांग," आई म्हणाली. "येवढं तरी ऱ्हाऊ दी."

निघताना सौदामिनीनं शिवांगीलाही तपासून घ्यायला सांगितलं. तिनं तपासून घेतलं नाही. नुसतं औषध मागून घेतलं, म्हणजे आत काय आहे ते कळायलाच नको. आणखी एक गोष्ट डॉक्टरनं सांगितली होती. "त्या शेडांमधे तुमच्याबरोबर आणखी लोक असतील. धुळीचा दमा म्हणून बसलेले. त्यांना कुणी अशा गोळ्या देण्याआधी इकडं पाठवा." शिवांगी हो म्हणाली. मग लातूर, वर्ग, चाचणी परीक्षा. आई गावी परत गेली होती आणि फोन केला की शेजारच्या दुकानातून दोन शब्द बोलून ठेवायची. शिवांगी स्वतःला सांगायची की आईनं बजावलंय, लोकांना धूळच सांगायची आहे. आईचा मान राखणं हे किती सोयीचं पडतंय हेही तिला दिसत होतं. मग एकदा दुकानदार सहज म्हणाला, तुमच्या शेजारची विठाबाई लई धापून राहिली, निलंग्याच्या डॉक्टरनं नव्या गोळ्या लिहून दिल्यात. दुसऱ्या दिवशी रविवार होता. शिवांगीनं सकाळची एसटी धरली.

वसाहतीतली घरं एकसारखी, एका रेषेत. आईच्या ओट्यावर दुपारच्या बायका बसल्या होत्या, वाती वळत, शेंगा फोडत. विठाबाई खांबाला टेकून होती, छाती वरखाली होत होती. "आली का मास्तरीण," कुणीतरी म्हणालं. "तुझी माय लई खणखणीत झाली की गं. कोन्तं औषिद दिलं?" आईनं शेंगांवरून मान वर केली नाही. शिवांगी उभीच होती. तिला वाटलं होतं, विठाबाईला बाजूला घेऊन सांगू. पण प्रश्न सगळ्यांसमोर आला होता, आणि ओट्यावरची जवळजवळ प्रत्येकजण त्या शेडमध्ये राहिलेली होती. ती म्हणाली, "धूळ नव्हती ती. आईच्या छातीत जंत निघाले. मी डोळ्यांनी बघितले. आपण अनवाणी बाहेर जातो ना, त्या राडीतून तळपायातनं शिरतात." तिनं 'आपण' म्हटलं होतं आणि म्हणताना कान तापले होते. "विठामावशी, तुझंही तसंच असेल. त्या नव्या गोळ्या घेऊ नको. आधी नांदेडला तपासून घे." एका तरुण सुनेनं तोंडाला पदर लावला, हसू दाबायला का शिसारीनं, कळलं नाही. मग एक म्हातारी म्हणाली, "मंजी आमच्या अंगात किडं हायत म्हन्तीस?" "आमच्याही होते, काकू." "तुमच्या असतील," म्हातारी म्हणाली आणि सूप उचललं. बायका एकेक करून उठल्या. केवळाबाई सगळ्यांच्या आधी उठली होती. शेंगांची टोपली तिथंच टाकून ती आत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं.

ओट्यावर विठाबाई तेवढी राहिली. उठायला तिला वेळ लागत होता, म्हणूनही असेल. थोड्या वेळानं तिनं हळूच विचारलं, "दुखतं का गं, तपासाय?" "नाही, मावशी." "काय काय इचारत्यात?" "कुठं जाता ते विचारतात. चप्पल घालता का विचारतात." "येवढंच?" विठाबाईला ते फारच सोपं वाटलं. ती खांबाला धरून उठली. "मग जाते. मला काय, मी एकली बाई, लाज धरून काय करू? माझी शालन हाय उदगीरला, शाळंवर. तिला संगं घिऊन जावं म्हन्ते. तिला बोलाय येतं डाक्टराशी." शिवांगी काही म्हणणार तेवढ्यात लोटलेल्या दाराआडून आईचा आवाज आला. श्वास स्वच्छ होता, त्यामुळे प्रत्येक शब्द सरळ बाहेर आला.

"विठे, जा तू. पर एकलीच जा. लेकीला संगं नेऊ नको."

विठाबाईला काही कळलं नाही. तिनं दाराकडं पाहिलं, मग शिवांगीकडं. "असं काऊन म्हन्ती गं ही?"

शिवांगीनं खाली बसून ओट्यावर सांडलेल्या शेंगा टोपलीत भरल्या. मग ती म्हणाली, "बरोबर सांगतेय माय. एकटीच जा."